मायेचे कोंडवाडे

टिटवाळ्यासारख्या गावी चाळीतल्या एखाद्या बंद खोलीत वीस-पंचवीस मांजरी उपाशी आढळाव्यात, तर त्या खोलीचा मालक बहुधा क्रूर नसतो. पहिले पिल्लू त्याने काळू नदीकाठी भर पावसातून उचललेले असते. पुढे नसबंदी राहून जाते, निवृत्तिवेतन पुरेनासे होते, दार बंदच राहते.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील बंध आणि अन्नपाननिरोध येथे मायेपोटीच घडतात. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही अपुरा पिंजरा व उपासमार यांना गुन्हाच मानतो. सुटलेल्या जीवांना पांजरपोळ आहे. मुंबईची तर १८३४ पासूनची. माणसाला कोण? शेजारी नाक दाबून तक्रार करतात, विचारपूस करीत नाहीत. मांजरी हलवल्यावर तो रिकाम्या खोलीत एकटाच उरतो आणि महिन्याभरात पुन्हा एक पिल्लू उचलून आणतो.