एका 813चे वॅट

2 जुलै
काकांचा लिनिअर अॅम्प्लिफायर पुण्यातल्या माझ्या हॅम रेडिओच्या शॅकमध्ये आला. सगळा घरी बांधलेला: लोखंडी पेटी, आत वीतभर उंचीचा एकच 813 व्हॉल्व्ह आणि पुढच्या पट्टीवर पांढऱ्या इनॅमलने लिहिलेलं ‘400 वॅट’. काकू म्हणाल्या, “चालू झाला की सांग हं. मला एकदा ऐकायचंय.”
आकडा पाहिल्यावर पहिला प्रश्न हाच की हे 400 वॅट नेमके कुठले? भिंतीतल्या प्लगमधून घेतलेले, व्हॉल्व्हच्या प्लेटला दिलेले की अँटेनापर्यंत पोचलेले? जुन्या लिनिअरची ताकद ठरवायची तर आधी हे तीन हिशेब वेगळे करायला हवेत.

5 जुलै
आज फक्त पॉवर सप्लाय. 450 व्होल्टचे सहा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मालिकेत जोडलेले, प्रत्येकावर समतोलाचा रेझिस्टर. दोन रेझिस्टर भलत्याच किमतीचे झाले होते, म्हणून सगळेच बदलले. कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून होते. व्हेरिअॅकने पायरीपायरीने व्होल्टेज चढवत त्यांना जागं केलं.
इथे दोन हजार व्होल्ट आहेत. बंद केल्यावर ब्लीडर रेझिस्टर साठा रिकामा करतो, तरीही त्याच्यावर विसंबून हात घालायचा नाही. मीटर शून्यावर आल्याशिवाय झाकण काढायचं नाही. मग अर्थिंगची काठी टेकवायची आणि काम संपेपर्यंत ती तिथेच अडकवून ठेवायची. पावसाळ्यात धुळीला ओल धरते आणि तिच्यातून हाय टेन्शनची गळती होते, त्यामुळे सगळे इन्सुलेटर आधी पुसून कोरडे केले.

9 जुलै
फिलामेंट 10 व्होल्ट, 5 अँपिअर. सिग्नलचा पत्ता नसताना 50 वॅट नुसते पेटून राहण्यात खर्च. प्लेटला व्होल्टेज न देता व्हॉल्व्ह काही तास असाच तापत ठेवला. फार दिवस पडून असलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडा वायू सुटलेला असू शकतो, थेट हाय टेन्शन दिलं तर आत ठिणगी पडायची भीती असते. थोरिएटेड टंगस्टनचा उजेड दिसायला फार सुरेख, पण मी डोळा ठेवला होता तो फिलामेंटच्या व्होल्टेजवर. ते जास्त झालं की आयुष्य कमी होतं, फार कमी झालं तरी थोरिअमचा थर धोक्यात येतो.

14 जुलै
डेटा शीट उघडून बसले. 813 हा आरसीएने 1930च्या दशकाच्या अखेरीस काढलेला बीम पॉवर व्हॉल्व्ह. हौशी वापराच्या, म्हणजे थांबून थांबून चालवण्याच्या मर्यादेत त्याच्या प्लेटने 125 वॅट उष्णता सोसायची. क्लास सीमध्ये 2250 व्होल्ट आणि 220 मिलिअँपिअर दिले की आत गेले 495 वॅट, बाहेर आले 375, उरलेले 120 प्लेटवर. व्हॉल्व्हची खरी मर्यादा या शेवटच्या आकड्यात असते. बाहेर किती काढता येईल हे प्लेट किती ताप सोसते त्यावर ठरतं.
एसएसबीवर बोलायला मात्र क्लास सी चालत नाही, आवाज फाटतो. लिनिअर चालवायचा तर कार्यक्षमता साधारण 60 टक्क्यांवर येते. म्हणजे त्याच प्लेटच्या जिवावर कमी वॅट.

20 जुलै
मोजणी. 50 ओहमचा डमी लोड, डायोडचा पीक डिटेक्टर. प्लेट ट्यून फिरवून करंटचा डिप शोधला, लोड थोडा वाढवला, पुन्हा डिप, असं करत सर्वाधिक आउटपुट गाठलं. प्लेटला 2000 व्होल्ट, 180 मिलिअँपिअर: 360 वॅट आत. लोडवर पीक 148 व्होल्ट. वर्ग करून 100ने भागलं: 219 वॅट बाहेर.
उरले 141. ग्राउंडेड ग्रिड असल्यामुळे रिगने (लिनिअरला सिग्नल पुरवणाऱ्या ट्रान्समीटरने) दिलेल्या ड्राइव्हचाही बराच भाग आउटपुटमध्ये मिसळतो, म्हणजे प्लेटवरचा खरा ताप याहून थोडा जास्तच. 125ची मर्यादा ओलांडली. बोलण्यात सरासरी कमी असते, शब्दांमध्ये व्हॉल्व्हला उसंत मिळते, म्हणून एसएसबीला हे निभावून जाईल. पण एफटी-8 या डिजिटल पद्धतीत आपल्या 15 सेकंदांच्या पाळीत जवळजवळ 13 सेकंद वाहक अखंड चालू असतो. ते या प्लेटला झेपणारं नाही.

21 जुलै
ड्राइव्ह कमी करून लोड नव्याने साधला. 2020 व्होल्ट, 150 मिलिअँपिअर, पीक 134 व्होल्ट: सुमारे 180 वॅट. उष्णता मर्यादेच्या आसपास उतरली. एफटी-8ला याच्याही निम्म्यावर ठेवणार.
यात गमावलं किती? 219 आणि 180 यांत फरक 0.85 डेसिबल. एस-मीटरची एक पायरी 6 डेसिबलची. ऐकणाऱ्याच्या कानाला हा फरक कळत नाही. प्लेटला मात्र पुरता कळतो.

27 जुलै
पट्टीवरचा आकडा काकांनी फुगवलेला नाही. त्या काळी प्लेटला दिलेले वॅट मोजायचीच रीत होती. अमेरिकेतही 1983पर्यंत हौशी परवान्याची मर्यादा अंतिम टप्प्याला दिलेल्या 1000 वॅट डीसी इनपुटवर ठरे. प्लेटचं व्होल्टेज आणि करंट दाखवणारे दोन मीटर प्रत्येकाकडे असत, आरएफ वॅट अचूक मोजणारं उपकरण मोजक्यांकडे. म्हणून दोन 3-500झेड व्हॉल्व्हच्या हीथकिट एसबी-220ची जाहिरातही 2000 वॅट पीईपी (शिखराची पॉवर) इनपुट अशीच. नंतर नियम 1500 वॅट पीईपी आउटपुटचा झाला. जुनं यंत्र घेताना आकड्यापुढे ‘इनपुट’ आहे की ‘आउटपुट’, हे आधी वाचावं.

9 ऑगस्ट
क्रांतिदिन. 1942च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला, 42.34 मीटरवर. गणित केलं तर 7.08 मेगाहर्ट्झ, म्हणजे आज आम्ही रोज बोलतो तो 40 मीटरचा बँड. पोलिसांना चुकवत, जागा बदलत, 12 नोव्हेंबरला अटक होईपर्यंत ते केंद्र बोलत राहिलं. ट्रान्समीटरची किंमत मीही याच कसाला लावते: हवं तेव्हा तो बोलायला तयार असला पाहिजे.

17 ऑगस्ट
सकाळी 40 मीटरवर नागपूरच्या एका स्टेशनशी बोलले. आधी नुसत्या रिगचे 100 वॅट, मग लिनिअरचे 180, मग क्षणभर 219. पहिल्या बदलाला “किंचित वर आलात.” दुसऱ्याला “काही फरक नाही.” काकू शेजारी हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांनी ते दोन्ही रिपोर्ट माझ्या लॉगमध्ये स्वतः लिहिले.
आपल्याकडे जनरल परवान्याला 400 वॅटपर्यंत मुभा आहे. मुभा आहे म्हणून व्हॉल्व्ह पिळायचा नाही. सिग्नल वाढवायचा तर अँटेना उंच करावी, केबल चांगली घालावी. तिथे मिळालेला डेसिबल ऐकतानाही उपयोगी पडतो आणि प्लेटला त्याचा ताप नसतो. या व्हॉल्व्हचे जुने साठे संपत चालले आहेत. जो शाबूत आहे तो सांभाळून चालवला तर पुढचा हॅमही त्यावर बोलेल. रविवारी नव्या परवान्याची मुलं येणार आहेत. त्यांना आधी गुणाकार, वजाबाकी आणि अर्थिंगची काठी. माइक त्यानंतर.