आधी उंट बांधावा

“अल्लाह मालिक आहे, एवढी कशाला काळजी करतेस?” दिल्लीच्या सफरीची तयारी चालली होती तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या. अल्लाह मालिक आहेच. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला नबी करीम (स.) यांनी आधी उंट बांध आणि मग तवक्कुल कर, असेच सांगितले होते. सफरीत तिघे असले तरी एकाला अमीर करावे, अशीही शिकवण आहे. आम्ही पाच जण होतो. अमीर यांना, म्हणजे मुलांच्या अब्बांना केले आणि दिवाळीच्या सुटीत निघालो.

निघण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून कोणते ठिकाण केव्हा बंद असते ते लिहून काढले. लाल किल्ला सोमवारी बंद, आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद. ही माहिती फार कामाला आली. मंगळवारी लाल किल्ल्याकडे निघालो तर रस्त्यातच एक गृहस्थ आडवे आले. “अस्सलामु अलैकुम बाजी, आज किला बंद है. चलिए, अच्छा बाजार दिखाता हूँ.” थोरली मुलगी पटकन म्हणाली, “बंद तो पीर को रहता है, आज मंगल है.” गृहस्थ निघून गेले. अशा लोकांचे खोटे चालते, कारण ते एखाद्या दिवशी खरेही असते. नेमका दिवस ठाऊक असणाऱ्याला मात्र ते फसवू शकत नाहीत.

त्यांचा सलाम मला जास्त खटकला. जुन्या दिल्लीत कानावर उर्दू पडते, बिर्याणीचा वास येतो, मशिदीचे मिनार दिसतात आणि आपण आपल्याच मोहल्ल्यात आलो असे वाटू लागते. सलामाचा जवाब जरूर द्यावा, तो आपल्यावर हक्कच आहे. पण सलाम केला म्हणून कोणाच्या मागे जाऊ नये आणि पाकीट तर काढूच नये. दर्ग्यांच्या गल्ल्यांतही कोणी वही पुढे करून लंगरसाठी मोठी रक्कम लिहायला सांगतो. सदका द्यायचा तर आपल्या मर्जीने आणि ऐपतीप्रमाणे द्यावा, कोणाच्या दबावाखाली नको.

जाण्यायेण्यासाठी आम्ही मेट्रोच धरली. गाडी ज्या दिशेला जाते त्या बाजूचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. मी, अम्मी आणि मुली त्यात बसायचो, हे मागच्या डब्यात. कोणत्या स्टेशनवर उतरायचे ते चढण्याआधीच ठरलेले असे. स्टेशनवरून रिक्षा घ्यायची तर प्रीपेड बूथची पावती घ्यावी आणि ठिकाणावर पोहोचल्यावरच ती चालकाच्या हातात द्यावी.

खरी परीक्षा मटिया महालच्या बाजारात झाली. जामा मशिदीच्या एक नंबर गेटसमोरचा हा बाजार संध्याकाळी माणसांनी नुसता फुललेला असतो. त्या गर्दीत अम्मी दिसेनाशा झाल्या. त्या सत्तरीच्या, जवळ मोबाइल नाही आणि वाचताही येत नाही. माझे हातपाय गार पडले. पण सकाळीच ठरले होते की कोणी चुकले तर शोधत फिरायचे नाही, एक नंबर गेटच्या पायऱ्यांवर येऊन थांबायचे. आम्ही तिकडे धावलो. अम्मी पायरीवर बसून तसबीह फिरवत होत्या. शेजारच्या एका बाईंनी त्यांच्या बटव्यातली चिठ्ठी वाचून यांच्या मोबाइलवर फोनही लावला होता. चिठ्ठीवर आमचे नंबर आणि हॉटेलचा पत्ता होता. अलहम्दुलिल्लाह!

आपल्याकडे असा एक प्रसंग ऐकला की लगेच मुलींचे आणि म्हाताऱ्यांचे बाहेर पडणे बंद होते. “जमाना खराब आहे” एवढे म्हटले की झाले. पण ज्या मुलीने कधी नकाशा पाहिला नाही, तिकीट काढले नाही, अनोळखी माणसाला ठाम नाही म्हटले नाही, ती उद्या शिकायला किंवा नोकरीसाठी शहरात गेल्यावर काय करील? हे सगळे आईबापांसोबत असतानाच शिकून घेतलेले बरे. आमच्या मुलींना ११२ हा मदतीचा नंबर पाठ आहे, तसाच रेल्वेचा १३९ सुद्धा.

तेव्हा भगिनींनो, येत्या सुटीत सफर जरूर करा. सफरीची दुआ पढा, घरातल्या प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी ठेवा, भेटायची जागा ठरवा आणि मग अल्लाहच्या हवाली होऊन निघा.