धुण्याआधी

मी जुन्या वस्त्रांचं जतन करते. संग्रहालयातली नोकरी संपल्यावरही दिल्लीत, द्वारकेलाच राहिले. आता आसपासच्या सोसायट्यांतून लोक पिशव्या घेऊन येतात. कुणाच्या पिशवीत आईची पैठणी, कुणाच्या सासऱ्यांचा लष्करातला कोट, कुणाच्या बाळाची कुंची. संपादकांनी वस्तूंत गुंतलेल्या मायेवर लिहायला सांगितलं आणि उन्हाळ्यात आलेली एक गोधडी डोळ्यांपुढे आली. तिचा निकाल अजून लागलेला नाही.

सांगलीकडच्या घरातली गोधडी. वर फुलाफुलांचं चीट, आत थरावर थर जुनी लुगडी. घेऊन आलेल्या बाईंना आतली आजीची काळी चंद्रकळा सोडवून हवी होती. पुण्यातल्या त्यांच्या भावाचं म्हणणं, गोधडी आहे तशी राहू दे, फक्त स्वच्छ धुऊन द्या. चंद्रकळा सोडवायची तर आजीनं घातलेले धावदोरे उसवावे लागतील. लुगडं विणलं होतं दुसऱ्याच कुणी. आजीचा हात आहे तो त्या टाक्यांत.

धुणं तर त्याहून अवघड. जुना काळा रंग पुष्कळदा लोखंडाचे क्षार आणि हिरड्यासारखं तुरट द्रव्य यांच्या संयोगातून झालेला असतो. ते लोखंड सुताला वर्षानुवर्षं आतून कुजवत राहतं. म्हणून जुन्या कापडात काळा भाग आधी विरतो, शेजारचा लाल टिकून असतो. अशी गोधडी पाण्यात बुडवली, की भिजलेल्या थरांच्या वजनानंच काळा थर तुटतो. जड पाण्यातले क्षार धाग्यांत बसतात ते वेगळंच. आम्ही क्षार काढलेलं पाणीच वापरतो.

“ताई, मग ड्रायक्लीन केली तर?” या प्रश्नाला उत्तर देऊन मी खरोखर थकले आहे. ड्रायक्लीन म्हणजे काही हळुवार उपचार नव्हे. कपडा रसायनात भिजून यंत्रात गरगर फिरतो. काळी पडलेली जरी घासणं तितकंच घातक. चांदीच्या तारेवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, घासताना काळेपणाबरोबर तोही जातो.

आमच्या क्षेत्रातला खरा वाद मात्र डागाचा. काढायचा की ठेवायचा? राजघाटाजवळच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींच्या अंगावर असलेली वस्त्रं रक्ताच्या डागांसकट जपली आहेत. सफदरजंग रोडवरच्या स्मारकात इंदिराजींची साडीही तशीच आहे. ते डाग धुवा, असं कुणी म्हणणार नाही. मग आजीच्या डोक्याचं तेल जिथं वर्षानुवर्षं लागलं, तो गोधडीचा कोपरा का धुवायचा? माझे सहकारी सांगतात, तेलाला धूळ चिकटते, कसर लागते, घामानं धागा खराब होतो. ते बरोबर सांगतात. डाग ठेवला तर कापडाचं आयुष्य कमी होणार, हे मलाही ठाऊक आहे. तरी माझं मत डाग ठेवण्याचंच आहे, आणि ते देताना दर वेळी मनात धास्ती असते.

लोकांना वाटतं, माया कापडात मुरलेली असते, कापड टिकलं की तीही टिकते. तसं होत नाही; वस्तू कुणाची, हे सांगणारं कुणी असावं लागतं. बाबासाहेब आंबेडकरांचं 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत, 26 अलीपूर रोडवरच्या घरी निधन झालं. त्यांच्या वस्तू त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी सिंबायोसिस संस्थेला दिल्या आणि त्या आज संस्थेच्या पुण्यातल्या संग्रहालयात आहेत. देणारी व्यक्ती घरातलीच होती, म्हणून कुठली वस्तू कुणाची याबद्दल शंका उरली नाही. आमच्या घरांत हेच ज्ञान सगळ्यात आधी हरवतं. त्या बाईंना गोधडीतल्या मोजक्याच लुगड्यांची माहिती होती, तीही आईकडून ऐकलेली. आईला आता नीट आठवत नाही. उरलेले थर कुणाचे, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

दिवाळीला कपाट आवराल तेव्हा काहीही धुण्याआधी, बोहारणीला देण्याआधी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. हे कुणाचं, कुठून आलं, कधी नेसलं, विचारा. उत्तर कोऱ्या सुती फितीवर पेन्सिलीनं लिहा आणि फीत कडेला सैल टाक्यांनी शिवा. पेन वापरू नका, शाई ओलीनं पसरते.