रंगाची बादली

बादली ही काही निबंधाचा विषय होण्यासारखी वस्तू नव्हे. चंद्रावर लिहावे, पारिजातकावर लिहावे, अगदीच झाले तर छत्रीवर लिहावे. बादलीने आपले न्हाणीघरात नाही तर विहिरीच्या काठावर असावे. तरीही गेले वर्षभर एका बादलीने माझा पिच्छा पुरवला आहे. ही बादली नखाएवढी असते. ती जराशी कललेली असते आणि तिच्या काठावरून रंगाचा एक थेंब ओघळत असतो. संगणकावर लहान मुलांसाठी रंग भरण्याचे जे खेळ निघाले आहेत, त्यांत पडद्याच्या कडेला ती हटकून दिसते. मुलाने तिला बोट लावायचे, मग एक रंग निवडायचा, मग हत्तीच्या पोटावर बोट टेकायचे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळा हत्ती जांभळा!

मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. दिवसा शाळेचा बालवर्ग सांभाळावा आणि रात्री कादंबरीची पाने खरडावीत, असे माझे आयुष्य. त्यामुळे या बादलीच्या पोटात काय दडले आहे, हे समजून घेण्यासाठी मला धाकट्या बहिणीच्या यजमानांची शिकवणी लावावी लागली. ते संगणकातले जाणकार. त्यांनी सांगितले, की संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची भलीमोठी रांगोळीच. बोट ज्या ठिपक्यावर पडते तो आधी आपला रंग बदलतो. मग वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असलेल्या चार शेजाऱ्यांकडे पाहतो. ते त्याच्यासारखेच पांढरे असतील तर त्यांनाही रंगवतो, आणि ते पुढे आपापल्या शेजाऱ्यांना. एका पणतीवर दुसरी पणती लावत जावे, तसा रंग पसरत जातो आणि काळी रेघ आडवी आली की थांबतो. रेघेत एका ठिपक्याएवढी जरी फट राहिली, तरी रंग तेवढ्यातून निसटतो आणि हत्तीबरोबर आभाळही जांभळे होऊन बसते. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या एकमेकींत मिसळून असा एकेक ठिपका १,६७,७७,२१६ रंग दाखवू शकतो म्हणे. माझ्या भाच्याला त्यांतला फक्त जांभळा आवडतो.

भाच्याचे वय वर्षे तीन. मे महिन्यात बहीण माहेरी आली तेव्हा त्याचा हा खेळ मी शेजारी बसून पाहिला. "ताई, हा टॅब हातात दिला की अर्धा तास घरात मूल आहे की नाही, कळत नाही बघ!" बहीण म्हणाली. एरवी नोकरी, स्वयंपाक आणि मूल या तिन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्या बाईला तो अर्धा तास किती मोलाचा वाटत असेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी काही बोलले नाही. नुसती मोजत राहिले. भाच्याने एकच हत्ती सव्वीस वेळा रंगवला. जांभळा, हिरवा, पुन्हा जांभळा, मग एकदा पिवळा, पुन्हा जांभळा. चार-पाच वेळा झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की हत्ती रंगवणे हे या गृहस्थांचे काम नव्हेच. बोट लावले की रंग सांडतो, हे दर खेपेला खरेच घडते का, याची ते तपासणी करीत होते. पाळण्यातून खुळखुळा खाली टाकून तो कुणी उचलून देते का, हे वीस वेळा पाहणारे मूल आणि हा त्याचाच थोरला अवतार. त्याला रिकामटेकडेपणा कोण म्हणेल? जगाचे नियम माणूस असेच शिकत आला आहे.

मला टोचली ती गोष्ट वेगळीच होती. हत्ती रंगला रे रंगला, की टॅबमधून टाळ्यांचा कडकडाट होई, तारे उधळले जात आणि कुणी एक अदृश्य बाई 'व्हेरी गुड' म्हणे. सव्वीस हत्ती, सव्वीस 'व्हेरी गुड'. या अर्ध्या तासात भाच्याने त्या कौतुकाकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि माझ्याकडेही नाही. शेवटी मीच विचारले, "काय रे, तुझा हत्ती जांभळा कशाने झाला?" त्याने मान वर केली. क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "त्याने खूप जांभळं खाल्ली, मावशी." नंतर पाच मिनिटे टॅब मांडीवर तसाच उघडा पडून होता आणि आम्ही दोघे हत्तीच्या जांभळाच्या झाडावर चढलो होतो.

या खेळांवर विद्वानांचा राग आहे, आणि तो संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. छापील आकृत्यांत रंग भरायची पुस्तके अमेरिकेत मॅकलॉक्लिन ब्रदर्स यांनी १८८० च्या सुमाराला लोकप्रिय केली. पुढे १९४७ साली व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने आपल्या ग्रंथात त्या पुस्तकांवर कडक टीका केली. मोठ्यांनी काढलेला सफाईदार कुत्रा पुढ्यात आला, की आपल्याला असा कुत्रा कधी जमणार नाही असे मुलाला वाटू लागते आणि त्याची स्वतःची रेघ आखडते, असे त्याचे सांगणे. बालवर्गात बसून पाहिले तर हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

पण मग आपली रांगोळी? आमच्या अंगणात ठिपके आई देई, रेघाही तीच जोडी, आणि पाकळ्यांत रंग भरण्याचे काम आम्हा पोरांकडे येई. म्हणजे आम्हीही दुसऱ्याच्या रेघेतच रंग भरीत होतो. त्याने माझी रेघ आखडल्याचे मला आठवत नाही. कागदाच्या पुड्यांतला रंग चिमटीतून सुटताना हमखास पाकळीच्या बाहेर जाई. मग आई त्या कडेवरून पांढरी रेघ पुन्हा ओढी, की बाहेर सांडलेला रंग फुलाची सावली होऊन जाई. "आई, बघ ना!" म्हटले की ती हातातले काम थांबवून बघे. लगेच 'छान' म्हणत नसे. "इथं थोडा पिवळा हवा होता, नाही का?" असे म्हणे. त्या वेळी ते मनाला लागे. आज वाटते, शाबासकी ती हीच. आपले फूल कुणीतरी खरोखर पाहिले, याची ती पावती असे.

हाताचा प्रश्न आहेच. बालवर्गात नवे आलेले मूल खडू मुठीत धरते. तो अंगठा आणि दोन बोटे यांच्यात यायला महिने लागतात. जोरात दाबला तर मोडतो, हलका धरला तर उमटत नाही; ही मधली वाट ज्याची त्याच्या मनगटालाच सापडावी लागते. काचेवर टेकलेल्या बोटाला यातले काहीच करावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे, की दोन वर्षांखालच्या बाळाला पडद्यापुढे बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसवू नये. त्याहून कमी असेल तर बरेच. सांगणे सरळ आहे. मी एवढेच म्हणेन, की त्या तासाचे काय होते हेही घड्याळाइतकेच पाहायला हवे.

याबाबत या बादलीचा इतिहास मोठा बोलका आहे. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' नावाची संगणकावर रंगवण्याची यंत्रणा सिद्ध केली. १९८४ साली बिल अॅटकिन्सन यांच्या 'मॅकपेंट'मधली बादली घरोघरच्या टेबलावर आली. पण त्या यंत्राचा पडदा काळा-पांढरा, म्हणून बादलीतून रंगाऐवजी ठिपक्यांची आणि विटांची नक्षी सांडे. हे सारे मोठ्यांसाठी होते. मग ऑरेगनमधल्या क्रेग हिकमन या कलाशिक्षकाने १९८८ च्या सुमाराला आपल्या तीन वर्षांच्या मुलाला 'मॅकपेंट' चालवताना पाहिले. चित्र काढताना पोराचा हात भलतीकडे लागे, पडद्यावर शब्दांच्या याद्या उलगडत आणि वाचता न येणारे ते पोर मध्येच अडून बसे. त्या अडचणी पाहून बापाने मुलासाठी नवा खेळच रचला, तो 'किड पिक्स'. १९८९ मध्ये त्याने तो लोकांना फुकट वाटला आणि १९९१ मध्ये तो रंगीत होऊन बाजारात आला. त्यात चित्र पुसण्यासाठी चक्क एक फटाका आहे! तो लावला की कागदावरचे सारे एका धडाक्यात उडून जाते. आपल्या दिवाळीतल्या कुठल्याही पोराला हे खोडरबर ताबडतोब पटेल. त्यात चूक-बरोबर नाही, गुण नाहीत. एक कोरा कागद आहे आणि पुष्कळ गंमत आहे. मला या हकिगतीतला मुख्य भाग वाटतो तो हा, की बाप मुलाशेजारी बसला होता. मुलाचे कुठे अडते हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणूनच तो खेळ जन्माला आला.

आमच्या शाळेच्या कार्यालयात एका माजी विद्यार्थ्याने दिलेला एक जुना संगणक आहे. त्यावर बहिणीच्या यजमानांनी दोन खेळ घालून दिले. एक 'टक्स पेंट'. बिल केंड्रिक यांनी २००२ साली तो रचला आणि जगाला मोफत दिला. त्याला इंटरनेटची गरज लागत नाही. दुसरा खेळ टाळ्यांचा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. गावाबाहेर कोप्या उभ्या राहिल्या. दुसरीत बसणाऱ्या भावाचे बोट धरून चार वर्षांची एक मुलगी माझ्या वर्गात येऊ लागली. तीन आठवडे तिने तोंडातून अक्षर काढले नाही. पाटी मांडीवर, खडू पाटीवर, आणि डोळे दाराकडे. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला कार्यालयात नेले आणि टाळ्यांचा खेळ लावून दिला. माऊस तिच्या हातात मावेना, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर एक पोपट होता. तिने बटण दाबले, पोपट हिरवा झाला आणि यंत्रातून टाळ्या कडाडल्या.

ती दचकली. खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून संगणकाच्या मागे गेली आणि वाकून पाहू लागली. तिथे धूळ आणि दोन तारा होत्या. मग तिने दाराबाहेर डोकावले. तिथेही कुणी नव्हते. माझ्याकडे वळून तिने विचारले, "कोन वाजवितंय?"

तिचे ते पहिले शब्द. मी म्हणाले, "कुणी नाही गं. ते यंत्र वाजवतंय." ते तिला पटले नाही, आणि तिचे बरोबरच होते. टाळी वाजली म्हणजे वाजवणारे कुणीतरी असलेच पाहिजे, एवढे त्या कोपीतल्या पोरीला पक्के ठाऊक होते. मी आवाज बंद केला. तिने पुन्हा बटण दाबले आणि पडद्याकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहिले. मी वाकून पोपट नीट न्याहाळला आणि म्हणाले, "पाय राहिले की गं याचे!" ती हसली. पाय लाल झाले, चोच लाल झाली, आणि मग पोपटाच्या मागचे आभाळही लाल झाले.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पाटीवर एक वेडेवाकडे वाटोळे आणि त्याला दोन लांब रेघा. "बैल," ती म्हणाली. रेघा शिंगांच्या होत्या. "याचं नाव काय?" मी विचारले. मग बैलाचे नाव, गाडीचे नाव, आईच्या हाताला लागलेल्या कोयत्याची गोष्ट, असे सगळे त्या दोन रेघांच्या मागून बाहेर आले. पोपट रंगवला नसता तर बैल आला असता की नाही, मला सांगता येणार नाही. बादलीचे उपकार मी त्या दिवसापासून मानते.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही त्यांची अंगणवाडीची कल्पना. आज काही मुलांचे अंगण काचेचे झाले आहे. तेथेही आपल्याला जाता येते. या चार दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असेल, फराळाच्या ताटांच्या आड एखादे पोर टॅब घेऊन कोपऱ्यात बसले असेल. त्याच्या हातातून तो ओढून घेण्याचे कारण नाही. चकली खाता खाता शेजारी बसावे, टाळ्यांचा आवाज बंद करावा आणि हत्तीला काय झाले ते विचारावे. पुढचे तेच सांगेल. दाराशी रांगोळी निघत असेल तर तिच्यातल्या दोन पाकळ्याही त्याच्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात.

टोळी गेल्या वसंतात गावी परत गेली. यंदाचे गाळप आता सुरू होईल, पुन्हा कोप्या उभ्या राहतील. ती मुलगी याच कारखान्याला येईल की दुसऱ्या, हे मुकादमाच्या हाती. मी रंगीत खडूंची एक नवी पेटी आणून ठेवली आहे, आणि संगणकाचा आवाज अजून बंदच आहे.