पाव, मीठ आणि येणं

फिनलंडमध्ये घर बदललं की लोक विचारतात, ‘तुपाआनतुलिआइसेत कधी?’ ताम्परेला राहायला आले तेव्हा हा शब्द ऐकूनच मी दबकले होते. भाषेच्या वर्गातल्या बाईंनी तो फळ्यावर सोडवून दाखवला. ‘तुपा’ म्हणजे जुन्या शेतघरातली मोठी खोली. तिथेच अवाढव्य चूल, तिथेच जेवण, झोप आणि हिवाळाभराची सूतकताई. हा शब्द जर्मानिक भाषांकडून आला. स्वीडिशमधलं ‘स्तूगा’ त्याचंच भावंड. ‘तुपाआन’ म्हणजे त्या खोलीत, ‘तुल्ला’ म्हणजे येणं. शेपटाशी समारंभाचा प्रत्यय. उद्घाटनाच्या ‘आवायाइसेत’मध्ये तोच, अंत्यविधीच्या ‘हाउतायाइसेत’मध्येही तोच. सुखदुःखाला भाषेनं एकाच प्रत्ययात बसवावं, हे मला फार भावलं.

आमच्या या गृहप्रवेशाला शेजारच्या आजी आल्या. दारात बूट काढून त्यांनी पिशवीतले लोकरी मोजे चढवले आणि माझ्या हातात राय धान्याचा, मधोमध भोक असलेला चपटा पाव आणि मिठाची पुडी ठेवली. पश्चिम फिनलंडमध्ये असे पाव पूर्वी वर्षातून मोजक्या वेळा एकदम भाजत. भोकातून दांडी ओवून छताखाली टांगले की महिनोन्‌महिने पुरत. मिठाचं मोल त्याहून मोठं. तिथला समुद्र इतका अळणी, की मीठ दूरदेशांहून जहाजांनी यायचं. पाव-मीठ देण्याची रीत रशियातही आहे. घरात या दोन गोष्टी कधी सरू नयेत, एवढंच त्या देण्यात असतं, आणि मला ते फुलदाणीपेक्षा लाखमोलाचं वाटतं.

नुसतं ‘तुलिआइसेत’ म्हणजे येणाऱ्यानं आणलेली भेट. पाहुण्यानं आणलेली, तशीच प्रवासाहून परतलेल्यानं घरच्यांसाठी आणलेलीही. लहानपणी पुण्यात आत्या आली की आम्ही आधी तिची पिशवी चाचपायचो. खाऊ मिळाला की मगच नमस्कार. माझी लेक फिनिश पाळणाघरात वाढली. मी भारतातून परतले की दारातच विचारायची, ‘तुलिआइसेत?’ आणि चिक्कीचा पुडा तिथेच फोडायची. उलट, जाताना माझ्या बॅगेत फाझर कंपनीचं निळ्या वेष्टनातलं चॉकलेट असतं. ते 1922 पासून निघतंय, आणि आत्याला आता तेच लागतं.

यंदा लेक हेलसिंकीला शिकायला गेली. एवढीशी खोली, धड टेबलही नाही. तरी तिनं वर्गातल्या मुलांना बोलावलंय. काल फोनवर म्हणाली, ‘आई, तू शंकरपाळे आण. पाव-मीठ नको हं, ते त्यांना आणू दे.’