टफीचा पट्टा आणि आईची बोटं

कुत्र्याच्या पट्ट्यावर कुणी काय लिहायचं? पण गेले दोन महिने आमच्या घरात फोनवरचं निम्मं बोलणं त्याच विषयावर चाललंय, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

टफी म्हणजे आमच्या परभणीच्या घरातला सात वर्षांचा, पाच किलोचा पांढरा केसाळ गोळा. असल्या कुत्र्यांना आपल्याकडे सरसकट पॉमेरिअन म्हणतात. खरं तर त्यातले बरेचसे इंडियन स्पिट्झ असतात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातला टफी सगळ्यांना आवडला, आणि ते नाव अजून घरोघरी चालतंय. भावाने मुलांच्या हट्टापायी आणला, पुढे त्याची हैदराबादला बदली झाली आणि टफी आईकडेच राहिला. बाबा गेल्यापासून आई एकटी असते. सकाळी सहाला त्याला घेऊन ती कृषी विद्यापीठाच्या बाजूला फिरायला जाते, ओळखीच्या चार बायका भेटतात, येताना भाजी होते. टफी नसता तर ती उंबऱ्याबाहेर पडली नसती. हे आम्हा दोघींनाही माहीत आहे, बोलत कुणीच नाही.

तर हा टफी खोकायला लागला. बदक ओरडावं तसा, कोरडा. पट्टा जरा ओढला गेला की सुरू. आमच्या गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही केवढी सोय! ('बनी तो बनी, नहीं तो परभनी' म्हणणाऱ्यांनी हेही जमेला धरावं.) डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. श्वासनलिकेभोवती कूर्चेच्या कड्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या. लहान चणीच्या कुत्र्यांत वय वाढलं की त्या कधी कधी मऊ पडतात आणि नळी चपटी होते. वजन वाढलं, ऊन लागलं, कुत्रं फार उत्तेजित झालं की खोकला वाढतो, आणि गळ्यातला पट्टा त्यात भरच घालतो. गोळ्या दिल्या, खाणं कमी केलं, आणि म्हणाले, गळ्यातला पट्टा आजपासून बंद. छातीवर बसणारा हार्नेस घ्या.

सोपं वाटलं. पण बाजारात गेलं की कळतं. एक प्रकार डोक्यावरून घालायचा. दुसऱ्यात पुढचे पाय दोन भोकांत ठेवून पाठीवर बक्कल लावायचं. एक जाळीच्या कापडाचं जाकीटच. काहींना दोरी पाठीवर अडकते, काहींना छातीवर. नेटवर तर भांडणंच आहेत. छातीवर आडवा पट्टा असलेल्यांत खांदा अडकतो, वाय आकाराचे चांगले, असं सगळे ठासून सांगतात. पण 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या ब्रिटिश नियतकालिकात २०१९ साली एक अभ्यास आला. त्यात दोन्ही प्रकारांनी खांद्याची हालचाल कमी झालेली दिसली, आणि 'मोकळा' म्हणवणाऱ्या प्रकारात उलट जास्त! मग मी आकाराचा नाद सोडला.

आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवत होते, तर ती म्हणाली, "अगं, जुपणी गळ्याला आवळली की बैलसुद्धा खोकतो." ती मानवतकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते, बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. तिचे वडील तेव्हा जू टेकतं तिथे तळहात फिरवून बघायचे, कुठे कातडं सोललंय, कुठे गाठ आलीय. ओझं हाडावर यावं, मऊ जागेवर येऊ नये, आणि केस उलटे घासले जाऊ नयेत, एवढंच तिने सांगितलं. हार्नेसच्या चांगल्या माहितीपत्रकांत नेमकं हेच असतं: पुढचा पट्टा गळ्याखाली छातीच्या हाडावर, पोटाचा पट्टा काखेपासून दोन बोटं मागे, आणि सगळीकडे आत दोन बोटं जातील इतका सैल. माप छातीच्या सगळ्यात रुंद घेराचं, केस दाबून घ्यायचं. नाहीतर टफीसारख्याला एक साईज मोठाच येतो.

पण खरी अडचण वेगळीच होती. आईला संधिवात आहे. बक्कल दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उघडायचं असतं, तिच्या अंगठ्यात तेवढा जोर राहिलेला नाही. लहान कुत्र्याच्या हार्नेसला बक्कलही लहान, म्हणजे बोटांना आणखी अवघड. पाकिटावर कुत्र्याची छाती, मान, वजन सगळं छापलेलं असतं, घालणाऱ्या हाताबद्दल एक अक्षर नसतं. मी रजा काढून गेले आणि आईला दुकानातच घेऊन गेले. दुकानदाराने टफीला पटापट चार हार्नेस घालून दाखवले. मी म्हटलं, तुम्ही नका घालू, तिला घालू द्या. तो जरा चमकला, पण नंतर त्यालाच मजा वाटली. वेल्क्रोवाला सोपा होता, पण त्यात टफीचे केस अडकले आणि 'चर्र' आवाजाला तो घाबरून टेबलाखाली. डोक्यावरून घालायचा आला की मान आत घ्यायचा. शेवटी पाय ठेवायचा जाळीदार घेतला. एकच बक्कल, आणि त्याच्या दोन बाजूंच्या दोन कड्या दोरीच्या हुकात एकत्र अडकतात, म्हणजे बक्कल सुटलं तरी हार्नेस निघत नाही. त्याचा एक दोष आहे, कुत्रं मागे सरकलं तर अंग काढून घेऊ शकतं. रस्त्यावरची कुत्री अंगावर आली की टफी मागेच सरकतो. म्हणून माप सैल ठेवायचं नाही.

बक्कल मात्र लहानच होतं. बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी ते काढून पाठीवरच्या सॅकचं मोठं बक्कल शिवून दिलं. आधी विचारलं, "कुत्र्याला एवढं मोठं कशाला?" आईने हात पुढे करून बोटं दाखवली. ते काही बोलले नाहीत, शिलाई मात्र दुहेरी मारली.

आता आई टफीला दिवाणावर उभा करते, म्हणजे तिला वाकावं लागत नाही. पहिले चार दिवस हार्नेस घालून नुसतं घरातच शेंगदाणे देत फिरवलं. खोकला पूर्ण गेलेला नाही, जाणार नाही असं डॉक्टर आधीच म्हणाले होते, पण फिरताना येत नाही. घरी आल्यावर लगेच काढायचा, नाहीतर काखेत केसांच्या जटा होतात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सकाळी आठलाच रस्ता तापतो, तेव्हा साडेपाचला निघावं लागेल.

पावसाळ्यात ओला पट्टा घासतो, म्हणून दुसरा घ्यायचाय. रंगावरून सध्या वाद चालू आहे. आईला लाल हवा, अंधारात गाडीवाल्यांना दिसेल म्हणून. लाल अंधारात दिसत नाही, चकाकणारी पट्टी लावून घेऊ, हे मी तीनदा सांगितलं. ती म्हणते, "पट्टी लाव की, पण लाल आण."