हेडशेजारचा बारीक स्क्रू

कॅसेट डेकच्या हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. जुन्या ध्वनिफितींचं काम करणाऱ्याला तो हाताच्या बोटांइतका परिचयाचा असावा लागतो. त्या स्क्रूने हेडचा कल बदलतो. हेडमधली फट फितीला बरोबर काटकोनात असायला हवी. ती किंचित जरी कलली तरी आवाजातला वरचा भाग जातो. झांजांची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ची धार, बांगड्या. मग गाणारी व्यक्ती कांबळं पांघरून गातेय असं वाटतं आणि घरचे म्हणतात, कॅसेट जुनी झाली. पुष्कळदा कॅसेट ठणठणीत असते. ती ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचंच हेड तिरपं होतं, आणि आज ती सरळ हेडवर वाजते आहे, एवढंच. मी दोन्ही चॅनल एकत्र करून हेडफोनवर ऐकत तो स्क्रू हळूहळू फिरवतो. पाव फेराही लागत नाही. एका जागी आवाज एकदम उघडतो, तिथे थांबायचं.

घाईने केलेल्या डिजिटल प्रतीत बहुधा हीच पायरी गाळलेली असते. पुढे संगणकावर ट्रेबल कितीही चढवला तरी फितीवरून जे उचललंच गेलं नाही ते परत येत नाही, वाढतो तो फक्त फितीचा सूंऽ असा आवाज. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं असतं: प्रत करून घ्या, पण कॅसेट टाकू नका. प्रत म्हणजे त्या फितीचं एका दिवशी, एका यंत्रावर, एका माणसाने केलेलं वाचन. उद्या कुणी जास्त चांगलं वाचेल.

फिलिप्स कंपनीने 1963 साली ही कॅसेट आणली ती मुख्यतः मजकूर सांगून उतरवून घेण्यासाठी. फितीची रुंदी 3.81 मिलिमीटर, वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. स्टीरिओमध्ये एवढ्याशा रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे बसतात. इतक्या अरुंद आणि सावकाश चालणाऱ्या फितीतून तंबोऱ्याची जवारी ऐकू येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कॅसेट हातात आली की मी लेबल वाचायच्या आधी तिची मागची कड पाहतो. विकतच्या कॅसेटला मागे दोन खाचा उघड्या असतात, म्हणजे तिच्यावर चुकून काही भरलं जाऊ नये. त्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेली दिसली किंवा कागदाचा बोळा कोंबलेला दिसला, की मी सावध होतो. कुणीतरी विकतच्या गाण्यांवर घरचं काही भरलेलं आहे. वर लेबल नाट्यगीतांचं आणि आत बारसं. नाट्यगीतांच्या त्या कॅसेटच्या पुष्कळ प्रती निघाल्या असतील, आज नाही तर उद्या कुठेतरी सापडतील. बारशाची प्रत जगात एकच. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्या मुलासाठी घरच्यांनी बोलून पाठवलेलं पत्र, त्यात मागे ओरडणारा कोंबडा, हे कुठल्याही दुकानात मिळणारं नाही. म्हणून आधी घरचं, मग बाजारचं, हा क्रम मी कधी मोडत नाही. आणि प्रत्येक बाजू शेवटपर्यंत ऐकतो. गाणी संपून उरलेल्या दोन-चार मिनिटांतच पुष्कळदा खरा ऐवज असतो.

वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट लगेच वाजवू नये. आधी ती एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी. गुंडाळीत थरावर थर बसून एका थराचं चुंबकत्व शेजारच्यावर उतरतं, आणि शब्द उच्चारला जाण्याआधीच त्याची अंधूक चाहूल ऐकू येते. गुंडाळून घेतल्याने ते थोडं कमी होतं. फितीला हेडवर टेकवणारा लहानसा पॅड गोंद वाळून गळालेला असतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर ती उघडून नवा पॅड बसवता येतो. चिकटवून बंद केलेली असेल तर कवच जपून फोडून फीत दुसऱ्या कवचात न्यावी लागते. नव्वद मिनिटांची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ, तिच्याशी आणखी हलक्या हाताने वागावं.

व्हिडिओचं काम जास्त नाजूक. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यांनी लग्नाच्या कॅसेट्सवर बुरशी धरलेली असते. खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत व्हीएचएसचा ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो, एका फेऱ्यात एक चित्र, सेकंदाला पंचवीस. त्या ड्रमवरची हेड्स इतकी बारीक असतात, की कापसाचा धागा अडकला तरी तुटतात. साफ करताना मऊ चामड्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला स्थिर टेकवायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. पट्टी वर-खाली कधीच घासायची नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट्स एनटीएससीच्या असतात, त्यांना वेगळं यंत्र लागतं.

यंत्रांचीच खरी चणचण आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, 2016 च्या जुलैत थांबली. आता प्रत्येक यंत्र जुनंच, आणि त्याचा सुटा भाग दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्रातून काढायचा. रबरी बेल्ट वितळून डांबरासारखे चिकट झालेले असतात, ते खरवडून काढायला अख्खी दुपार जाते. तरीही पुण्याच्या जुन्या बाजारात बंद डेक दिसला, की मी तो उचलतो. ज्यांच्या माळ्यावर असं यंत्र पडून आहे, त्यांनी ते भंगारात देण्याआधी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारावं.

फीत वाजवायच्या दिवशी मी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत आणायला सांगतो. मधूनच हसणारी बाई कोण, मागून पाणी मागणारा मुलगा कोणाचा, हे त्यांनाच सांगता येतं. ते सांगतात, मी मिनिट-सेकंदासह नाव लिहून घेतो. ती यादी संगणकात असतेच. शिवाय कागदावर शाईने लिहून घडी घालून कॅसेटच्या डबीतही ठेवतो, कारण फाइली एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना नावं गळतात, आणि डबी मात्र कपाटातल्या कपाटातच राहते.